विश्लेषण : नवे समाजमाध्यम येताच व्यावसायिकांनी तिथे खाते उघडावे का?

मेटा कंपनीचे ‘थ्रेड्स’ जुलै २०२३ मध्ये आले आणि अवघ्या पाच दिवसांत १० कोटी जणांनी तिथे नोंदणी केली. त्यानंतर वर्षभरातच, जुलै २०२४ मध्ये, ‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम बंद होत असल्याची घोषणा झाली. दोन्हींच्या सुरुवातीला ‘आता इथे असायलाच हवे’ असा गाजावाजा झाला होता. घरगुती फराळ विकणाऱ्या महिलेपासून कोकणातल्या होमस्टे चालकापर्यंत अनेकांचे गिऱ्हाईक आज फोनवरूनच येते. त्यामुळे प्रत्येक नव्या ॲपबरोबर त्यांच्यापुढे तोच प्रश्न उभा राहतो : इथेही वेळ घालवायचा, की थांबायचे?

थ्रेड्सवर गर्दी कशी जमली आणि कशी ओसरली?

थ्रेड्सवर नोंदणी करणे अगदी सोपे होते. इन्स्टाग्रामचे खाते असलेल्याला नवे नाव किंवा पासवर्ड शोधावा लागत नव्हता आणि आधीच्या ओळखीचे लोकही एका बटणावर सोबत येत होते. मात्र खाते उघडणे वेगळे आणि रोज तिथे येणे वेगळे. महिना उलटण्याच्या आतच, निम्म्याहून अधिक वापरकर्ते परत येत नसल्याचे मार्क झुकरबर्ग यांनी कर्मचाऱ्यांना सांगितल्याचे वृत्त आले. थ्रेड्सही नव्याच्या नऊ दिवसांत संपणार, असे तेव्हा अनेकांना वाटले.

तसे झाले नाही. कंपनीने इन्स्टाग्रामच्या बळावर थ्रेड्स चालू ठेवले, त्यात सुधारणा केल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते युरोपीय संघातही नेले. ऑगस्ट २०२५ पर्यंत महिन्याला येणाऱ्या वापरकर्त्यांची संख्या ४० कोटींवर गेल्याचे कंपनीने सांगितले. थोडक्यात, पहिल्या आठवड्यातली गर्दी पाहून किंवा पहिल्या महिन्यातली ओहोटी पाहून काढलेला निष्कर्ष, दोन्ही चुकीचे ठरले असते.

‘कू’चे काय झाले?

कू २०२० मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत त्याची निवड झाली. शेतकरी आंदोलनाच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद पेटला. तेव्हा काही केंद्रीय मंत्र्यांनी कूवर येण्याचे आवाहन केले आणि तिथली वर्दळ एकदम वाढली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय हे त्याचे बलस्थान होते. संस्थापकांच्या सांगण्यानुसार, ऐन भरात कूवर रोज सुमारे २१ लाख लोक येत होते.

पण पैशांचा ओघ आटला. मोठ्या कंपन्या आणि माध्यमसमूहांशी भागीदारीची बोलणी फिसकटली. असे ॲप चालवण्यासाठी लागणाऱ्या तांत्रिक सेवांचा खर्च मोठा असल्याचे सांगत संस्थापक अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी ३ जुलै २०२४ रोजी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी व्यावसायिकाचे होणारे नुकसान हिशेबाच्या वहीत दिसत नाही, कारण खाते फुकटच असते. जाते ते तिथे जमवलेले गिऱ्हाईक. एका समाजमाध्यमावरचे फॉलोअर उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

लवकर जाण्यात काहीच फायदा नाही का?

फायदा आहे, आणि तो नाकारता येणार नाही. नव्या ठिकाणी मजकूर कमी असतो, जाहिराती नसतात आणि लोकांना खिळवून ठेवण्याची कंपनीला गरज असते. त्यामुळे छोट्या खात्याची पोस्टही पैसे न मोजता दूरवर पोहोचू शकते. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले. लहान व्हिडिओ बनवण्याचा सराव असलेल्यांना तेव्हा तिथे चांगली संधी मिळाली.

पण ही मोकळीक कायम राहत नाही. फेसबुक पेज चालवणाऱ्यांनी हा अनुभव घेतला आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. त्यानंतर व्यवसायांच्या पोस्ट फुकटात लोकांपर्यंत पोहोचणे आणखी अवघड झाले. थ्रेड्सनेही जानेवारी २०२५ मध्ये जाहिरातींची चाचणी सुरू केली आणि एप्रिलमध्ये जगभरातील जाहिरातदारांना दार उघडले. सुरुवातीला फुकट मिळणाऱ्या जागेचे पुढे भाडे द्यावे लागते, हे गृहीत धरूनच तिथे जायला हवे.

फुकटच्या खात्याचा खर्च किती?

खात्याला पैसे लागत नसले, तरी वेळ लागतो. रोज एक तास दिला, तर महिन्याचे ३० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला, तर हे जवळपास चार पूर्ण दिवस झाले. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा माणूस असतो. छोट्या व्यवसायात हेच चार दिवस माल बनवणे, पोहोचवणे आणि जुन्या गिऱ्हाइकांना उत्तरे देणे यांतून काढावे लागतात.

शिवाय एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही. थ्रेड्सवर मुख्यतः मजकूर आणि संवाद चालतो, पोस्टला ५०० अक्षरांची मर्यादा आहे. येवल्याच्या पैठणीचा पदर लोकांना पाहायचा असतो, त्यामुळे साडी विक्रेत्याला फोटो आणि व्हिडिओ अधिक उपयोगी पडतात. उलट ग्रंथप्रकाशक, करसल्लागार, शिकवणी घेणारे किंवा शेतीविषयक सल्ला देणारे यांची ओळख त्यांच्या बोलण्यातून होते. त्यांना अशा ठिकाणी उपयोग होण्याची शक्यता जास्त. गल्लीतल्या खाणावळीला या दोन्हींपेक्षा गूगल मॅप्सवरचा अचूक पत्ता, वेळ आणि फोन नंबर अधिक गिऱ्हाईक देऊन जाऊ शकतो.

नवे खाते म्हणजे जोखमीची विभागणी का?

‘चार ठिकाणी असलेले बरे, एक बंद पडले तर दुसरे आहे’, असा एक युक्तिवाद केला जातो. पण फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि थ्रेड्स या चारही ठिकाणांचा मालक एकच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मेटाच्या (तेव्हाच्या फेसबुक कंपनीच्या) सेवा सुमारे सहा तास बंद पडल्या, तेव्हा फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी ठप्प झाले होते. थ्रेड्स आल्यावर सुरुवातीचे काही महिने तर तिथले प्रोफाइल पूर्ण काढून टाकायचे, तर इन्स्टाग्रामचे खातेही काढावे लागत होते. ही अट नोव्हेंबर २०२३ मध्ये हटली. म्हणजे इन्स्टाग्रामवर असलेल्याने थ्रेड्सवर खाते उघडले, तर त्याची जोखीम फारशी विभागली जात नाही.

मालक वेगळा असला, तरी सरकारी आदेशाची टांगती तलवार असतेच. २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हा टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते असल्याचे सांगितले जात होते. वापरकर्त्यांची एवढी मोठी संख्याही तिथल्या कोणाचे खाते वाचवू शकली नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

पहिले काम नाव राखून ठेवण्याचे. व्यवसायाच्या नावाने खाते उघडावे, पत्ता आणि संपर्क लिहावा आणि ‘चौकशीसाठी इथे या’ असे सांगून जुन्या जागेचा दुवा द्यावा. याला अर्धा तास पुरतो. तोतयाने ते नाव घेण्याची शक्यताही कमी होते.

दुसरे, गिऱ्हाइकांना विचारावे. नेहमीच्या २० जणांपैकी किती जण नवे ॲप उघडतात, हे जगभरातल्या कोट्यवधींच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या ‘अरट्टई’ या संदेश ॲपवर रोजची नवी नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचे कंपनीचे संस्थापक श्रीधर वेम्बू यांनी सांगितले होते. पण ऑर्डर देणारे गिऱ्हाईक त्यात नसेल, तर दुकानदाराला त्या आकड्याचा उपयोग नाही.

तिसरे, उत्तर होकारार्थी आले तर तीन महिन्यांची मुदत ठरवून प्रयोग करावा. आठवड्याला दोन-तीन तासच द्यावेत आणि प्रत्येक नव्या ऑर्डरला ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ हे विचारून वहीत नोंद करावी. लाइक किती आले, याची नोंद नसली तरी चालेल. मुदतीअखेर त्या रकान्यात काही नसेल, तर खाते राहू द्यावे, पण वेळ काढून घ्यावा.

आणि चौथे, जे गिऱ्हाईक मिळेल त्याचे नाव, फोन नंबर आणि आवडनिवड त्याच्या परवानगीने स्वतःच्या यादीत लिहून ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमतीला महत्त्व आहे. ही यादी फोनबाहेरही, वहीत किंवा संगणकावर असावी. नवे समाजमाध्यम चालले किंवा बंद पडले, तरी पुढच्या दिवाळीत फराळाची ऑर्डर मागण्यासाठी फोन कोणाला करायचा, हे व्यावसायिकाला त्या यादीतूनच कळेल.