वारसा गंजतो तो आतून

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निरोप घेतला, तेव्हा शहराने मनापासून हळहळ व्यक्त केली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी २० वर्षांची कमाल मुदत संपल्याने हद्दपार झाली. किमान काही गाड्या तरी जतन व्हाव्यात, अशी मागणी त्या वेळी झाली. ती रास्तच होती. तथापि, यंत्राचे जतन म्हणजे त्याला रंग देऊन छपराखाली उभे करणे नव्हे, याचा विचार या चर्चेत फारसा झाला नाही.

जुन्या वाहनांना कायद्याने मान्यता देण्याचे काम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका ठरली. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये, तर फेरनोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क निश्चित झाले. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये रूढ झाले, हे लक्षात घेता या नावाच्या आरंभीच्या गाड्या आता ही वयोमर्यादा ओलांडत आहेत. बंगल्यांच्या आवारात आणि जुन्या इमारतींच्या तळाशी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांवरील आच्छादने त्यामुळे दूर होऊ लागली, तर नवल नाही. खरी परीक्षा सुरू होते ती तेथून.

उभ्या गाडीतील पाणी

इंजिन सुरू न होण्याचे खापर सहसा बॅटरीवर किंवा कार्ब्युरेटरवर फुटते. हे दोष निदान लगेच उघड होतात. इंजिन थंड राखणारी यंत्रणा मात्र मूकपणे झिजते. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये काळाच्या ओघात संपतात आणि त्यातील ग्लायकॉलचे ऑक्सिडीकरण होऊन ते आम्लधर्मी बनते. आपल्याकडे तर कूलंटऐवजी नळाचे वा बोअरवेलचे पाणी भरण्याचीच सवय अधिक. त्यातील क्षार तापलेल्या पृष्ठभागावर थर धरतात, ओतीव लोखंड गंजते आणि हा गाळ इंजिनातील पाण्याच्या वाटांच्या तळाशी साचतो.

पाणी काढून गाडी कोरडी ठेवावी, हा प्रचलित सल्लाही फसवा आहे. यंत्रणा पूर्ण कोरडी कधीच होत नाही. ओलसर पृष्ठभागाला हवा लागताच गंज अधिक वेगाने चढतो. पंपाचे सील सुकते, रबरी होज पाइप वरून धड दिसले तरी आतून भेगाळतात आणि थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकून बसतो. अशी गाडी अंगणात दहा मिनिटे सुरळीत चालते आणि पहिल्याच चढावर तापते. अशा वेळी प्रश्न केवळ वाफेचा राहत नाही. हेड वाकते, गॅस्केट उडते आणि ज्या इंजिनाचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, त्याचे काम काढावे लागते.

उपचाराची घाई

दोषाइतकेच नुकसान घाईच्या उपचाराने होते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा अनेक गॅरेजांतील लाडका इलाज. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन ऑइलमध्ये उतरते, झीज वाढते आणि मूळ अडथळा जागच्या जागी राहतो. तीव्र रसायनाने यंत्रणा धुतल्यास गंजाबरोबर पातळ झालेला धातूही जातो आणि गाळानेच बुजलेली छिद्रे उघडी पडतात. नव्या गाड्यांसाठी बनवलेले सेंद्रिय आम्लाधारित कूलंट तांब्या-पितळेच्या, शिशाने सांधलेल्या जुन्या रेडिएटरला मानवेलच असे नाही. दोन प्रकारांची सरमिसळ तर टाळलेलीच बरी.

शहाणपणाचा क्रम साधा आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वीच जुना द्रव काढावा, त्याचा रंग व गाळ पाहावा; रेडिएटर उतरवून तपासावा; होज, पट्टा आणि झाकण बदलावे; थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो की नाही ते पाहावे. त्यानंतर शुद्ध पाणी व योग्य कूलंट यांचे मिश्रण भरावे आणि ते ठरावीक मुदतीने बदलावे. काढलेला द्रव गटारात सोडणे मात्र अक्षम्य होय. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते आणि भटकी जनावरे त्याला बळी पडतात.

जतन कशाचे?

२०२१ च्या नियमांनी अशा वाहनांच्या नित्य व व्यावसायिक वापरावर बंदी घातली; प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी मात्र रस्ता मोकळा ठेवला. बंदी समजण्यासारखी आहे. परंतु उभे राहणे हाच यंत्राचा मोठा शत्रू असल्याने देखभालीच्या या सवलतीचा मालकांनी नियमित लाभ घ्यायला हवा. जागच्या जागी इंजिन गुरगुरत ठेवणे त्यासाठी पुरेसे नाही.

याहून गंभीर प्रश्न हातांचा आहे. आजच्या गाड्यांतील ॲल्युमिनियम व प्लास्टिकचे रेडिएटर बिघडले की दुरुस्त न करता बदलले जातात. साहजिकच पितळी टाक्या उतरवून, एकेक नळी साफ करून पुन्हा सांधणाऱ्या कारागिरांचे काम आटत चालले आहे. क्रमांकपट्टी सरकार देईल, शुल्क मालक भरेल. पण हे कसब औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि गॅरेजांत पुढच्या पिढीच्या हाती पोहोचले नाही, तर उरतील ती केवळ झळाळती कलेवरे. वारसा जपायचा तर गाडीइतकाच तो कारागीरही जपावा लागेल.