विश्लेषण : गेममधल्या तुकडीत माणसे किती? एका सेटिंगवर लढाई कशी फिरते?

‘टोटल वॉर’ या ब्रिटिश गेममालिकेला २०२५ मध्ये २५ वर्षे पूर्ण झाली. तिच्यातला १८व्या शतकावरचा ‘एम्पायर’ हा गेम २००९ मध्ये संगणकावर आला आणि २०२४ पासून तो फोनवरही खेळता येतो. मराठी खेळाडूंना त्याचे विशेष आकर्षण आहे, कारण त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. या मालिकेतल्या गेमच्या सेटिंगमध्ये ‘युनिट साइज’ नावाचा एक पर्याय दडलेला असतो. बहुतेक जण तो ग्राफिक्सचा भाग समजून सोडून देतात. प्रत्यक्षात लढाई कोण जिंकणार, यावर त्याचा परिणाम होतो.

हा पर्याय नेमके काय करतो?

या गेममध्ये सैन्य तुकड्यांचे बनते. जुन्या गेममध्ये एका सैन्यात जास्तीत जास्त २० तुकड्या असतात. ही मर्यादा सेटिंगने बदलत नाही, बदलते ती तुकडीतल्या माणसांची संख्या. २००४ च्या ‘रोम’मध्ये सर्वात मोठे माप निवडले, की हस्ताती या रोमन पायदळाच्या एका तुकडीत १६० जण येतात. माप खाली आणले, की तीच तुकडी, त्याच नावाने, कमी माणसांची होते.

आता गुणाकार करून पाहा. १६० गुणिले २० म्हणजे ३,२०० सैनिक. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमच्या एका लीजनची संख्या साधारण ४,२०० दिली आहे. म्हणजे सर्वात मोठ्या मापातही खेळाडूच्या हाती एक पूर्ण लीजन येत नाही. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या मैदानावर रोमचे सुमारे ८० हजार सैनिक होते, असे हाच पॉलिबियस सांगतो. गेममध्ये कॅनी खेळणे म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या जत्रेएवढी गर्दी.

मग सरळ सर्वात मोठे मापच का निवडू नये?

पहिले कारण यंत्राचे. दूरच्या सैनिकाचे चित्र साध्या रूपात दाखवून ग्राफिक्स कार्डचा भार हलका करता येतो. पण तो सैनिक कुठे चालला आहे, शेजाऱ्याला धडकतो आहे का, कोणावर वार करतो आहे, हा हिशेब प्रत्येकासाठी करावाच लागतो. हे काम मुख्यतः प्रोसेसरचे. म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड बसवूनही ऐन हातघाईत गेम अडखळतो आणि खेळाडू दुकानदाराला दोष देतो. फोनवर आणखी एक अडचण असते. फोन तापला, की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. सुरुवातीला सुरळीत चाललेली लढाई काही वेळाने रखडते ती यामुळेच.

दुसरे कारण जागेचे. शहराचा दरवाजा, पूल, गल्ली यांची रुंदी सेटिंगबरोबर वाढत नाही. मोठी तुकडी वेशीत अडकते, निम्मे सैनिक आत आणि निम्मे बाहेर राहतात. वेढ्याच्या लढायांत हा वैताग सर्वाधिक येतो.

लढाईचा निकाल कसा बदलतो?

दोन्ही बाजू दुप्पट झाल्या तर फरक पडायला नको, असे वाटेल. इथे फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९१६ मध्ये मांडलेले गणित उपयोगी पडते. दोन्हीकडचे सगळे जण एकाच वेळी गोळ्या झाडू शकत असतील, तर दोन्ही सैन्ये दुप्पट केली तरी लढाई तेवढ्याच वेळात संपते. मारले जाणारे दुप्पट आणि मारणारेही दुप्पट. पण लढणारी फक्त पुढची रांग असेल, तर मागे उभी राहिलेली माणसे हा केवळ राखीव साठा ठरतो आणि लढाई लांबते.

‘एम्पायर’मध्ये हे स्पष्ट दिसते. सुरुवातीला बंदूकधारी तुकडीची फक्त पहिली रांग गोळीबार करते. रांगांनी आलटून पालटून गोळीबार करण्याचे तंत्र नंतर संशोधन करून मिळवावे लागते. अशा वेळी १६० जणांची तुकडी चार रांगांत उभी केली, तर १२० जण बघे ठरतात. तीच दोन रांगांत पसरली तर ८० बंदुका चालतात, पण फळी इतकी लांबते की बाजूने आलेले घोडदळ तिला सहज गाठते. छोट्या मापात हा पेच फारसा जाणवत नाही.

तोफांचे गणित वेगळे. तोफखान्यातल्या तोफांची संख्या माणसांच्या प्रमाणात वाढली नाही, तर शत्रूची तुकडी दुप्पट होताच त्याच तोफेचा दरारा निम्म्यावर येतो. उलट लहान मापात चार तोफा अख्खी फळी उधळू शकतात. किल्ल्याच्या बुरुजांनाही हेच लागू पडते. ‘तोफा फार प्रभावी आहेत’ अशी तक्रार करणारा आणि ‘तोफा कुचकामी आहेत’ म्हणणारा, असे दोघेही खरे बोलत असू शकतात. फक्त त्यांचे सेटिंग वेगळे असते.

लोकसंख्येचा संबंध कुठे येतो?

माझ्या मते या विषयातली सर्वात रंजक गोष्ट हीच आहे. २००४ च्या ‘रोम’मध्ये भरती केलेले सैनिक शहराच्या लोकसंख्येतून वजा होत. शहर २,००० लोकसंख्येचे असेल आणि १६० जणांची तुकडी उभारली, तर एका झटक्यात आठ टक्के माणसे गेली. पुढची इमारत बांधण्यासाठी ठरावीक लोकसंख्या गाठावी लागते, त्यामुळे मोठे माप निवडणाऱ्याची शहरे वाढता वाढत नाहीत. म्हणजे युद्धाच्या मापाची किंमत शेतीवाडीने मोजायची. काही खेळाडू तर शेतकऱ्यांच्या तुकड्या भरती करून दुसऱ्या शहरात नेत आणि तिथे बरखास्त करत. हे स्थलांतर घडवण्याचेच तंत्र झाले.

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ या स्वीडिश मालिकेने वेगळी वाट धरली. तिच्या २०१३ च्या चौथ्या भागात एक रेजिमेंट म्हणजे एक हजार माणसे, पण ती नकाशावरच्या आकड्यातच असतात. प्रत्येक सैनिक दाखवायचा नसल्याने आकडा खराखुरा ठेवता येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या पाचव्या भागात सैन्यासाठी उचललेली माणसे पुन्हा लोकसंख्येतूनच येतात.

मग कोणते माप निवडावे?

फोन किंवा साधा लॅपटॉप असेल तर मधले माप पुरे. नवा, ताकदवान संगणक असेल आणि मोकळ्या मैदानातल्या लढाया आवडत असतील तर सर्वात मोठे माप घ्यावे, त्यात डावपेच आखायला वेळ मिळतो. ‘रोम’मध्ये मात्र मोहीम सुरू करण्यापूर्वीच विचार करून ठरवावे. सर्वात लहान माप फक्त नाइलाज म्हणून. त्यात चार-दोन माणसांच्या नशिबावर निकाल लागतो.

पानिपत गेममध्ये मावेल का?

हा प्रश्न मराठी खेळाडू हमखास विचारतात. ‘एम्पायर’चा काळ १८व्या शतकाचा, त्यामुळे १७६१ त्यात येते. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे मिळून लाखभर लढवय्ये असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. एकट्या इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळच आठ-दहा हजारांचे मानले जाते. २० तुकड्यांची सगळी जागा त्यालाच दिली तरी त्याचा निम्मा भागही मावणार नाही.

आकड्याचे एक वेळ सोडून देऊ. मराठ्यांच्या छावणीत लढवय्यांखेरीज यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुले मोठ्या संख्येने होती. रसद तुटल्यामुळे सैन्य उपाशीपोटी लढाईला उभे राहिले. लढाई सकाळी सुरू झाली आणि दुपारनंतर पारडे फिरले. माप कितीही वाढवले तरी तुकडीत भर पडते ती शस्त्रधारी माणसांचीच. ज्यांना पोसता पोसता छावणीतले धान्य संपले, त्यांच्यासाठी गेममध्ये तुकडीच नाही.