चंचल मूल, गोळी आणि पालकांचा निर्णय

वर्गात क्षणभर स्थिर न बसणारे, वही अर्धवट टाकून उठणारे मूल आपल्याकडे बहुधा ‘वांड’ ठरते. घरी मार, शाळेत शिक्षा, धर्मशिक्षणाच्या वर्गातही बोलणी. यामागे कधी कधी एडीएचडी, म्हणजेच अवधानक्षीणता व अतिचंचलतेचा विकार असतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत त्याचा समावेश आहे. त्यामुळे शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाकडे पालकांना शंका मांडता येते.

खरा पेच निदानानंतर उभा राहतो. गोळी द्यावी काय? नेहमी सुचविले जाणारे मिथिलफेनिडेट हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली आणि औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्ये येते. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. हे ऐकून आईवडील धास्तावतात. परंतु हे निर्बंध गैरवापर टाळण्यासाठी आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेली योग्य मात्रा म्हणजे व्यसन नव्हे.

अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. १४ महिन्यांनंतर, काळजीपूर्वक ठरविलेल्या मात्रेने मुख्य लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक गुण आला. मात्र २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या पाहणीत उपचारगटांतील हा फरक उरला नव्हता. तात्पर्य, गोळी उपयोगी आहे, पण ती एकदा सुरू करून विसरण्याची वस्तू नव्हे. सहा वर्षांखालील मुलांसाठी तर आधी पालकांना प्रशिक्षण देणे हाच मान्य मार्ग आहे.

भंडाऱ्यात या निर्णयाला आणखी एक बाजू आहे. नागपूर सुमारे ६० किलोमीटरवर. लाखांदूर वा पवनीकडच्या कुटुंबांना तर सबंध दिवस मोडावा लागतो. रोवणीच्या दिवसांत त्याचा अर्थ बुडालेली मजुरी. शिवाय हे औषध प्रत्येक दुकानात मिळत नाही. भूक मंदावणे, झोप उडणे, वजन व उंचीची वाढ रेंगाळणे हे दुष्परिणाम संभवतात. म्हणून पहिल्या गोळीपूर्वीच विचारावे: वजन, उंची, नाडी व रक्तदाब कोठे तपासले जातील? पुढील महिन्याचे औषध कोठून आणायचे? मुलातील बदल कोणते शिक्षक नोंदवतील? फेरविचार कधी करायचा? ॲटोमॉक्सेटिन हा उत्तेजक नसलेला पर्यायही डॉक्टरांना विचारावा. त्याचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. प्राथमिक मार्गदर्शनासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

औषध नाकारणे हाही निर्णयच आहे. मग त्याऐवजी काय करणार आणि किती दिवसांनी पुन्हा पाहणार, हे ठरलेले असावे. गोळी दिल्याने पालक अपयशी ठरत नाहीत आणि न दिल्याने निष्ठुरही ठरत नाहीत. मात्र निदान हाती असताना त्या मुलाला छडीच्या हवाली करणे, हा उपचार कोणत्याच वैद्यकशास्त्रात नाही.