लातूरचे जुने स्टेशन कोणाचे?

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून आलेली दहा वाघिणींची एक गाडी लातूर स्टेशनात उभी राहिली. प्रत्येक वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून शहरात जमावबंदी जारी करण्यापर्यंत पाळी आली होती. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. ती ज्या वाटेने आली त्या वाटेची आठवण मात्र फारशी कोणी काढली नाही. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही वाट म्हणजे, थोडेफार फेरबदल सोडल्यास, जुन्या बार्शी लाइट रेल्वेचीच वाट होय.

ही रेल्वे काही लोककल्याणाच्या हेतूने जन्मलेली नव्हती. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता तिच्यामागे होता. रूळ अवघ्या अडीच फूट अंतराचे, एका आसावरचा भार पाच टनांपेक्षा अधिक नाही, आणि तरीही माल भरपूर वाहून नेता यावा, असे त्याचे गणित होते. ते खरेही ठरले. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९०७ मध्ये तडवळे, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज असा तिचा विस्तार झाला. कापूस आणि गळिताची धान्ये कुर्डुवाडीच्या मोठ्या रुळांपर्यंत आणि तेथून मुंबईपर्यंत पोचवणे हे तिचे मुख्य काम. निजामी राज्यातील शेतकऱ्याचा घाम आणि लंडनच्या भागधारकाचा लाभांश यांची सांगड या अडीच फुटी रुळांनी घातली.

पण लोक रेल्वेत बसतात तेव्हा ती केवळ मालकाची राहत नाही. लातूरची बाजारपेठ या स्टेशनाच्या आधाराने वाढली. आडते आणि गिरणीमालक यांची नावे त्या वाढीशी जोडली जातात. फलाटावर पोती वाहणारे हमाल, मापाडी, सांधेवाले आणि उन्हात रूळ ठोकणारे गँगमन यांची नावे कोठेच नाहीत. आषाढी-कार्तिकीला हीच गाडी वारकऱ्यांनी ओसंडून वाहत असे. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच मार्गावरील कसबे तडवळे येथे डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. निजामाच्या हद्दीतून ब्रिटिश मुलखातल्या बार्शीकडे जाणारी ही वाट राज्याची सीमा ओलांडीत होती, हे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि कंपनीची मालमत्ता जनतेची झाली.

आता वारसा म्हणजे काय, हा प्रश्न. युनेस्कोने दार्जिलिंगच्या रेल्वेला १९९९ मध्ये, निलगिरीच्या रेल्वेला २००५ मध्ये आणि कालका-सिमला रेल्वेला २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या रेल्वेमार्गांचे मोल कोणी नाकारीत नाही. परंतु तिन्ही मार्ग साहेबांना थंड हवेकडे नेणारे होते, ही गोष्ट निव्वळ योगायोगाची नाही. कालका-सिमला आणि बार्शी लाइट यांच्या रुळांतले अंतर सारखेच, अडीच फूट. एक वारसा ठरली. दुसरीचे रूळ उखडले गेले तेव्हा कोणाला हळहळ वाटली नाही. वारकरी, हमाल आणि कापसाचे गठ्ठे यांना घेऊन उन्हातून धावणाऱ्या गाडीत सौंदर्य दिसण्यासाठी वेगळी नजर लागते.

रूळ उखडले याची तक्रार नाही. ब्रॉडगेज ही मराठवाड्याची न्याय्य आणि फार उशिरा पुरी झालेली मागणी होती. २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत रुंद रूळ झाले. जुन्या मार्गाने बाजूला टाकलेल्या उस्मानाबाद शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, प्रथमच गाडी मिळाली. अरुंद रूळ तसेच राहिले असते तर २०१६ ची पाणीगाडी लातूरला थेट येऊच शकली नसती. जुन्यासाठी गळा काढणाऱ्या शहरी हौशी मंडळींनी हे विसरू नये.

तक्रार आहे ती नंतरच्या उदासीनतेची. नव्या मार्गाबरोबर स्टेशन बाजारपेठेपासून दूर गेले. गावातली जुनी रेल्वेची जागा राहिली आणि शहराच्या मध्यावरील जागेला काय भाव येतो हे सांगायला नको. रेल्वेच्या मोकळ्या जमिनी व्यापारी वापरासाठी देण्याकरिता २००६ पासून स्वतंत्र प्राधिकरणच काम करीत आहे. जी जमीन कंपनीकडून सार्वजनिक पैशाने जनतेच्या मालकीत आली, ती भाडेपट्ट्याच्या वाटेने पुन्हा खाजगी नफ्याकडे जाणार असेल तर ते १९५४ च्या व्यवहाराचे उलटे पाऊल ठरेल. लातूरच्या कार्यकर्त्यांनी या जागेच्या नोंदी मिळवाव्यात, तिचा कोणताही व्यवहार जाहीर सुनावणीशिवाय होऊ नये असा आग्रह धरावा आणि तिथे वाचनालय, संग्रहालय, कष्टकऱ्यांना बसायला सावली यांसाठी महानगरपालिकेकडे मागणी करावी.

आणि एक काम तर कोणत्याही मंजुरीची वाट न पाहता करता येईल. त्या छोट्या गाडीवर राबलेले फायरमन, गार्ड, हमाल, कुर्डुवाडीच्या कारखान्यातले फिटर यांच्यापैकी काही जण अजून हयात आहेत. वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या दारी जावे आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. या उन्हाळ्यातच.