पाऱ्यापलीकडचे ऊन

विशेष प्रतिनिधी

रायगड जिल्ह्यात उन्हाचा विषय निघाला की १६ एप्रिल २०२३ हा दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो श्रीसदस्य भर उन्हात बसले होते. त्यातील १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय राज्य सरकारने त्या उन्हाळ्यापुरता जाहीर केला. उष्माघात डोळ्यांना दिसतो आणि त्याचे बळी मोजता येतात, म्हणून शासन हलते. उन्हातील अतिनील किरणांचे तसे नाही. ही किरणे त्वचेची रोगप्रतिकारशक्ती दडपतात आणि हे काम ती गुपचूप करतात.

किनाऱ्यावरील फसवा गारवा

उष्णता आणि अतिनील किरणे यांची सर्रास गल्लत केली जाते. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारी भागात पारा किमान ३७ अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढल्याखेरीज उष्णतेची लाट मानली जात नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा पाऱ्याला आवर घालतो. अतिनील किरणांना मात्र हा वारा अडवू शकत नाही. त्यांची तीव्रता ठरते ती सूर्याची उंची, ओझोनचा थर आणि ढग यांवर. विरळ ढगांतून तर ९० टक्क्यांहून अधिक किरणे खाली येऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रायगडच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत आकाश ढगाळ असते आणि मासेमारीही बंद असते. मे महिन्यात मात्र आकाश निरभ्र असते, होड्या समुद्रात असतात, खळ्यांत बोंबील आणि जवळा वाळत असतो आणि पेण-उरणच्या उरल्यासुरल्या मिठागरांत मीठ ओढण्याची घाई असते. उष्ण कटिबंधात अशा निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ किंवा त्याहून अधिक, म्हणजे ‘अतितीव्र’ श्रेणीत जातो. भरीस भर म्हणून कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरणे परावर्तित करतो. टोपी घातली तरी खालून येणारा हा मारा चुकत नाही.

पहारेकऱ्यांचे मौन

त्वचा हा शरीराचा नुसता पडदा नसून तेथे एक पहारा बसलेला असतो. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये वर्णन केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी बाहेरून आलेला जंतू किंवा बिघडलेली पेशी हेरतात आणि लसिका ग्रंथींपर्यंत वर्दी पोहोचवतात. अतिनील किरणे पेशींतील डीएनएला इजा करतात, तसेच त्वचेच्या वरच्या थरातील युरोकॅनिक आम्लाचे रूप बदलतात. या दोन्हींमुळे रासायनिक संदेशांची साखळी सुरू होते. लँगरहान्स पेशी आपली जागा सोडतात आणि ‘हल्ला करा’ ऐवजी ‘दुर्लक्ष करा’ असा संदेश देणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात.

याचा ठोस पुरावा अमेरिकी शास्त्रज्ञ मार्गारेट क्रिप्के यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांतून मिळाला. अतिनील किरणांमुळे उंदरांत झालेल्या गाठी निरोगी उंदरांत रोपल्या असता त्यांच्या शरीराने त्या नाकारल्या. आधी किरणांचा मारा दिलेल्या उंदरांत मात्र त्याच गाठी फोफावल्या. म्हणजे तीच किरणे पेशी बिघडवतात आणि बिघडलेली पेशी ओळखणारी यंत्रणाही दुबळी करतात. उन्हात दिवस घालवल्यावर काहींच्या ओठांवर हर्पिसच्या पुळ्या पुन्हा उठतात, हा याच परिणामाचा रोजच्या अनुभवातला नमुना. दुसरीकडे, सोरायसिससारख्या विकारांत त्वचारोगतज्ज्ञ याच गुणाचा मोजूनमापून उपचारासाठी उपयोग करतात. औषध आणि अपाय यांतला फरक येथे मात्रेचा आहे.

सावळ्या रंगाचा दिलासा

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिनमुळे येथे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या लोकसंख्येच्या तुलनेत बरेच कमी आहे. त्यामुळे घबराट पसरवण्याचे कारण नाही. परंतु गडद त्वचेतही अतिनील किरणांमुळे प्रतिकारशक्ती दडपली जात असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. तिचे प्रमाण मात्र व्यक्तीगणिक बदलते. शिवाय त्वचा लाल होण्यास लागते त्याहून कमी मात्राही त्यास पुरते. ‘आपली कातडी भाजत नाही, म्हणजे आपल्याला ऊन बाधत नाही’ हा किनाऱ्यावरचा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्ती यांना तर अधिकच जपावे लागते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०१९ मध्ये जगातील १६० कोटी लोक कामानिमित्त उन्हातील अतिनील किरणांना सामोरे गेले. मेलॅनोमाव्यतिरिक्त त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मृत्यूंमागे उन्हातील काम हे कारण असल्याचे त्यात म्हटले आहे. म्हणजे हा प्रश्न पर्यटकांच्या सौंदर्यप्रसाधनांपुरता नाही. तो श्रमिकांच्या सुरक्षिततेचा आहे.

सावली हाच पहिला उपाय

सनस्क्रीन रोज विकत घेणे मासळी सुकवणाऱ्या बाईला परवडणारे नाही. शिवाय त्यावरील एसपीएफचा आकडा त्वचा भाजण्यापासूनचे संरक्षण सांगतो, प्रतिकारशक्तीचे नव्हे. पूर्ण बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि सावली हेच खात्रीचे उपाय. सावलीमुळे हा मारा निम्म्याने किंवा त्याहूनही कमी होऊ शकतो. कोकणात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमारास. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उघड्यावरचे काम आवरते घ्यावे, हा नियम कोणत्याही उपकरणाविना पाळता येतो.

पण सावली प्रत्येकाने आपापली शोधावी, असे म्हणून भागणार नाही. मासळी उतरवण्याच्या जेट्टींवर आणि खळ्यांवर छप्पर, होड्यांवर कापडी आच्छादन, मिठागरांत दुपारची सुट्टी आणि उष्णतेच्या इशाऱ्यासोबत अतिनील निर्देशांकाची माहिती या गोष्टी फार खर्चिक नाहीत. खारघरनंतर उन्हाची वेळ पाहून नियम करता येतो, हे शासनाने दाखवून दिले. तो नियम एका उन्हाळ्यापुरता आणि सोहळ्यांपुरता होता. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्यांसाठी तो कायमचा व्हायला हवा, मग पारा ३७ वर गेलेला असो वा नसो.