आखाताची वाट डोळसपणे

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा आहे. श्रद्धेवर उभा असलेला हा विश्वास मोठा. पण आखातात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसावर तो ठेवता येणार नाही. तिथे माहितीच तारते.

बहारीनचे उदाहरण घ्या. राजधानी मनामा, भाषा अरबी, चलन दिनार. क्षेत्रफळ जेमतेम 780 चौरस किलोमीटर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात असे वीस देश सहज मावतील. लोकसंख्या 15 लाखांहून अधिक, त्यात निम्म्याहून अधिक परदेशी आणि तीन लाखांवर भारतीय. 1932 मध्ये तेल सापडण्यापूर्वी हा देश मोत्यांवर जगत होता आणि ते मोती मुंबईच्या बाजारात येत. 1965 पर्यंत तिथे भारताने काढलेला रुपयाच चालत होता. पण नाते जुने आहे म्हणून गाफील राहून चालणार नाही.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना बहारीनमध्ये नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. त्याची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. प्रवासी भारतीय विमा योजनेत 10 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.

ही माहिती नेवासे तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. जमीन गहाण टाकून निघालेल्या तरुणाला करार वाचून दाखवणे, ही ग्रामपंचायतींनी आपली जबाबदारी मानावी.