जूनच्या पालकसभेत वर्गणी मागू नका

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात पालकसभा लागते. पाऊस कौलांवर वाजत असतो, गुरुजी उभे राहतात आणि म्हणतात की, शेजारच्या शाळेत स्मार्ट टीव्ही आला, आपल्या मुलांनी मागे का राहायचे? घरटी एवढे एवढे रुपये काढूया. पालक खाली बघतात. कोणीतरी "बघूया" म्हणतो. सभा संपते आणि गुरुजी हताश होऊन म्हणतात, "आमच्या गावात पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही."

मी शेती खात्यातला माणूस. शाळेचा विषय माझा नाही. पण गावोगाव फिरताना अशा दोन-चार सभांना मागच्या बाकावर बसण्याचा योग आला, आणि मला वाटते की गुरुजींचे हे म्हणणे बरोबर नाही. आस्था आहे. मागण्याची वेळ चुकते, रीत चुकते आणि हिशोब तर बहुतेक वेळा नसतोच.

आधी वेळेचे बघू. मालवण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. रापणीची होडी त्या उधाणात कोण लोटणार? म्हणजे मच्छीमाराच्या घरात दोन महिने आवक नाही. बागायतदाराचे म्हणाल तर आंब्याच्या पेट्या गेल्या, पण वाशीच्या दलालाची शेवटची पट्टी यायची असते आणि आलेल्या पैशांतून फवारणीची उधारी, राखणदाराचा पगार भागवायचा असतो. भातवाल्याला बियाणे, खत, पॉवर टिलरचे भाडे. त्यात मुलांच्या छत्र्या, दप्तरे, वह्या. वर्षातला सगळ्यात कडकीचा महिना कुठला, तर जून. नेमका तोच आपण वर्गणीसाठी निवडतो! सोसायटीच्या सचिवाला विचारा, कर्जवसुलीला तो कधी बाहेर पडतो. जूनमध्ये खचित नाही.

आता रीतीचे. एका सभेत एक मच्छीमार बाई उठून म्हणाली, "सायबांनू, टीव्ही घराक आसाच. पोरां तेच्यातच डोळे फोडतत. आता शाळेत पण तोच काय?" सगळे हसले. पण तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. 2023 साली युनेस्कोने जगभरच्या शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला, त्याचा सूर याहून फार वेगळा नाही. यंत्राने शिक्षकाची जागा घेऊ नये, ते कोणाच्या सोयीसाठी आणले जाते हे आधी तपासावे, असे त्यात बजावले आहे. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने त्याच वर्षी पडद्यावरून पुन्हा छापील पुस्तकांकडे वळण्यासाठी सरकारी पैसा काढला. तेव्हा त्या बाईला हसण्यापेक्षा उत्तर द्यायला हवे होते.

उत्तर आहेही. आपल्या जिल्ह्यात वाडीवाडीवर लहान शाळा आहेत. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. एक गुरुजी दुसरीला वजाबाकी शिकवत असताना चौथीची मुले काय करतात? पाढे गिरवतात नाहीतर खिडकीतून बघतात. अशा वेळी त्यांना पंधरा मिनिटे नीट निवडलेला पाठ लावून दिला, नंतर गुरुजींनी त्यावर प्रश्न विचारले, तर त्या यंत्राचा उपयोग शहरातल्या शाळेपेक्षा इथे जास्त. बालभारतीच्या पुस्तकांवर ते चौकोनी क्यूआर कोड असतात, ते मोबाईलने टिपले की दीक्षावरचे पाठ उघडतात, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. पण पंधरा मिनिटांचे दोन तास झाले आणि गुरुजी दाखले-अहवाल लिहीत बसले, तर बाईचेच म्हणणे खरे ठरेल.

हे सभेत बोलून पटत नाही. दाखवावे लागते. काजूच्या कलमांचे तसेच झाले होते. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती दिल्या, 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड आली, तरी नुसत्या भाषणावर कोणी बियांची झाडे सोडून कलमांकडे वळत नाही. शेजाऱ्याच्या कातळावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोंडू लागलेले बघितले की मग माणूस स्वतःहून विचारायला येतो. आम्ही याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतो. शाळेनेही तेच करावे. केंद्रशाळेतला किंवा हायस्कूलचा संच आठवडाभर उसना आणावा, पालकांना भर वर्गात बसवावे आणि त्यांच्याच मुलाने काय शिकले ते त्याच्या तोंडून ऐकवावे. वर्गणीचा शब्द त्या दिवशी काढूच नये.

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा म्हणून आदिवासी पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी मुलांच्या हाती टॅबलेट दिले, आणि मग राज्यभरचे शिक्षक ती शाळा बघायला जाऊ लागले. तो पाडा काही श्रीमंत नव्हे. 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, त्यानंतर 'डिजिटल शाळा' हा शब्द गावोगाव पोचला आणि लोकवर्गणीतून कितीतरी शाळांत संच बसले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो क्यूआर कोडच्या कामामुळे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा दुसरा एक उपक्रम मला जास्त आवडला. संध्याकाळी ठरल्या वेळी गावात भोंगा वाजायचा, घरोघरचे टीव्ही बंद आणि मुले अभ्यासाला. म्हणजे पालकांकडून फक्त पैसेच मागायचे असतात असे नाही.

पण 2015 नंतर बसवलेले सगळेच संच आज चालू आहेत का? इथे हिशोबाचा मुद्दा येतो. एका शाळेत (नाव घेत नाही) प्रोजेक्टर लोखंडी कपाटात आहे, कापडात गुंडाळून. दिवा गेला, नवा महाग, बदलीने गुरुजीही गेले. त्या गावच्या सभेत एक आजोबा म्हणाले, "पैशे देवक ना नाय, पण आदल्या पैशांचो हिशोब खय आसा?" या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. आधीचा दिवा का गेला हे सांगितल्याशिवाय दुसऱ्या दिव्याला कोण पैसे देईल?

आपल्याकडे यंत्र लवकर का मरते, हेही खरेदीआधी कोणी बघत नाही. खारी हवा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत सॉकेटचे पितळ हिरवे पडते, स्क्रू गंजतात. पावसाळ्यात भिंत ओली, आत मुंग्या, पाली. मे-जून आणि ऑक्टोबरात विजांचा कडकडाट, अर्थिंग मात्र नावाला. 16 मे 2021 च्या तौक्ते वादळात तर खांबच आडवे झाले आणि कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. म्हणून माझे म्हणणे असे की जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा आधी बाजूला काढावा. अर्थिंग, स्टॅबिलायझर, कव्हर आणि पुढची दुरुस्ती यासाठी. संच थोडा लहान आला तरी चालेल. बसवायचा तो दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर. आणि वीजबिल कोण भरणार, हे ग्रामपंचायतीने ठरावात लिहून द्यावे. थकलेल्या बिलापायी शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

पैसे कोणी द्यायचे, हा खरा अवघड भाग. साधे गणित करा. संच आणि जोडसामान मिळून 36,000 रुपये धरले आणि शाळेत 12 मुले, तर मुलामागे 3,000. शंभर मुलांच्या शाळेत हेच 360 होतात. म्हणजे जी वाडी लहान, जिथले पालक हातावर पोट असलेले, तिथेच बोजा जास्त. सरकारची तऱ्हाही तीच. समग्र शिक्षाच्या निकषात 30 पर्यंत मुलांच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान 10,000 रुपये. त्यात खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळे. पट कमी म्हणून अनुदान कमी, सोयी कमी म्हणून पालक मुलाला रिक्षात घालून इंग्रजी शाळेत पाठवतात, की पट आणखी कमी. हे चक्र वर्गणीने तुटणार नाही, ते जिल्हा नियोजनाच्या पैशातूनच तुटले पाहिजे, आणि लोकवर्गणीची सवय लागली म्हणून शासनाने हात झटकू नयेत हे आपल्या लोकप्रतिनिधींना ठणकावून सांगायला हवे.

तोवर काय? तोवर वर्गणी फक्त पालकांची नको, गावाची हवी. ज्यांची मुले शिकून मुंबईला गेली त्यांची जास्त. शेजारी गोव्यात पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळेसाठी मुष्टिफंड चालला, घराघरातून मूठभर तांदूळ. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही घाटावर वसतिगृहांसाठी मूठ मूठ धान्य गोळा केले. मालवणच्या टोपीवाला हायस्कूलला ज्यांचे नाव आहे ते अनंत शिवाजी देसाई मुंबईत टोप्यांच्या धंद्यात मोठे झालेले. म्हणजे घरची मूठ आणि चाकरमान्याची थैली, दोन्ही वाटा आपल्याला जुन्या आहेत. एप्रिल-मेमध्ये घरटी दोन किलो काजू बी मागा. 120 घरांची वाडी असेल तर 240 किलो होते. (भाव पडला तर तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा केव्हातरी.) नोट काढताना हात आखडतो, बी मोजताना तेवढा आखडत नाही. रापण संघांनी हंगामातल्या एका चांगल्या ओढीचा एक वाटा शाळेला धरावा. आणि विषय काढावा तो गणपतीत, चाकरमानी गावात असताना, आरतीनंतर.

मात्र सक्ती नको. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत आहे, वर्गणी दिली नाही म्हणून मुलाला वर्गात ऐकवणे हा गुन्ह्यासारखाच प्रकार. देणाऱ्यांची नावे फळ्यावर लावतात, तिथे न देणाऱ्यांची आपोआप कळतात, म्हणून नावे लावूच नयेत. फक्त जमा आणि खर्च लावावा, ठळक अक्षरात, दर महिन्याला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, पण बऱ्याच ठिकाणी त्या सहीपुरत्या. खरेदीला त्यांच्यातल्याच दोघींना कुडाळ-कणकवलीला बरोबर न्यावे. बाजारात घासाघीस कशी करतात ते गुरुजींनाही बघायला मिळेल. ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, त्या जमाखर्चाची एक प्रत पंचायतीच्या दप्तरी ठेवावी, कारण गुरुजी बदलून जातात.

त्या सभेतल्या मच्छीमार बाईला मी अजून उत्तर दिलेले नाही. गुरुजींना एवढेच सांगितले आहे की, पुढच्या सभेच्या आधी संच वर्गात आणून ठेवा आणि मग तिला बोलवा. हायस्कूलचा संच आठवडाभर उसना मिळतो का, ते मी बघतो.